केळीला न पोचलेले पाणी

मित्रांनो, हिंगोलीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून एक फुटका खापरी नळ उभा आहे. येणारे-जाणारे त्याला कुंडी समजतात. कोणी त्यात मोडका झाडू खोचून ठेवतो. तो नळ म्हणजे मी. माझे वय तेरा वर्षे. तुम्हाला हे फार वाटणार नाही. पण त्यातली नऊ वर्षे मी जमिनीखाली अंधारात काढली, आणि अंधारातले वर्ष फार लांब असते.

कयाधू नदीच्या काठच्या चिकणमातीतून माझा जन्म झाला. कुंभाराने मला चाकावर घडवले. माझे एक तोंड रुंद ठेवले आणि दुसरे अरुंद, म्हणजे एका नळाचे अरुंद तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात बसावे. आव्यात भाजून निघालो तेव्हा आम्ही अकरा जण होतो. कुंभाराने प्रत्येकाला टिचकी मारून पाहिले. माझा आवाज खणखणीत आला. "हा पक्का हाय," असे तो म्हणाला. माझ्या आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली. ती मला शब्दशः आठवते.

आम्हाला गाडीत घालून नेले ते संतराम गवंड्याने. संतराम मूळचा पुसेगावचा. त्याच्या बापाने हिंगोलीच्या छावणीत साहेबांच्या बंगल्यांना नळ आणि गटारे बसवली होती. ते कसब संतरामच्या हातात उतरले होते. गावात भिंती बांधणारे गवंडी पुष्कळ होते, पण मोरी तुंबली, पाणी मुरू लागले, की लोक त्यालाच बोलावत.

ते साल १९३५. घर होते विश्वंभररावांचे. ते निजामाच्या कचेरीत कारकून होते, दिवसभर उर्दूत कागद लिहीत. घरात त्यांची पत्नी, आणि थोरली बहीण गंगूताई. गंगूताई तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या आणि तिथेच राहिल्या. घरातली सगळी धुणीभांडी त्यांच्याकडे होती. तोपर्यंत मोरीचे पाणी घरामागेच साचत असे. तिथे चिखल, डास आणि वास. म्हणून ते पाणी नळातून लांब, अंगणाच्या टोकाला केळीच्या आळ्यात न्यायचे ठरले.

संतराम म्हणाला, "साहेब, ओट्याला वळसा घालून नेऊ. विहिरीपासून लांब राहील."

"ओटा नवा आहे, तो फोडायचा नाही," विश्वंभरराव म्हणाले. "सरळ ने."

"सरळ नेलं तर विहिरीच्या अंगाला लागून जातंय."

"नळ पक्का आहे म्हणतोस ना? मग झालं."

संतरामने सरळ चर खणला, आम्हाला एकात एक बसवले आणि प्रत्येक जोडात चुन्यात कालवलेला ताग बोटाने दाबून दाबून भरला. मी पाचवा होतो. माझ्या बाजूलाच विहीर होती. मग माती पडली, आणि उजेड गेला तो गेलाच.

माझ्या पुढे-मागे भावंडे होती खरी, पण आमची तोंडे चुन्याने बंद. कोणाचा कोणाशी शब्द नाही. पाणी यायचे आणि जायचे. रहाटाचा, पावसाचा, माणसांच्या पायांचा आवाज वरून दबका यायचा. स्पष्ट ऐकू यायचा तो एकच आवाज, गंगूताईंचा, कारण त्या मोरीत बसून भांडी घासत आणि घासताना बोलत. घरात त्या फारशा बोलत नसत. मोरीत बोलत. "आज आमटीत मीठ जास्त झालं. कुणी काही म्हटलं नाही. म्हणायला तरी हवं होतं." असे काहीतरी. त्यांना वाटे कोणी ऐकत नाही. मी ऐकत होतो.

दुसऱ्याच वर्षी मी तुंबलो. घासायची राख आणि खरकट्यातले तूप यांचा माझ्या पोटात गोळा बसला आणि पाणी उलटे मोरीत चढले. शेजारचा एक जण लोखंडी पहार घेऊन खुपसायला निघाला होता. गंगूताईंनी त्याला थांबवले आणि संतरामला निरोप धाडला. त्याने बांबूची लांब, लवचीक कामटी आणली, टोकाला चिंधी बांधली, आणि ती हलकेच आत सरकवत गोळा मोकळा केला. कढत पाणी सोडले. माझ्या अंगावर ओरखडाही उठला नाही.

"पहार घातली असती तर काय झालं असतं?" गंगूताईंनी विचारले.

"फुटला असता. खापर हाय, ताई. तुमी एक करा. राख टोपलीत वेगळी काढा, उकिरड्यावर टाका. मोरीच्या तोंडाला ही जाळी ठेवा. अन् रोज पाणी कुठं जाऊन राहिलं ते बघत जा."

हे शेवटचे वाक्य गंगूताईंनी फार मनावर घेतले. भांडी झाली की त्या अंगणाच्या टोकाला जात आणि केळीच्या आळ्यात पाणी पडताना बघत. त्यांचे पाऊल माझ्यावरून जाई. दिवसातून दोनदा जाताना आणि दोनदा येताना. मी ती पावले मोजत असे. मला दुसरे काम काय होते?

पुढे विश्वंभररावांना मुलगी झाली, विजया. तिची दुपटी धुतलेले पाणी माझ्यातून गेले. मग तिचे परकर. मग पाटीवरची पेन्सिल धुतलेले पांढरट पाणी. तिचे बालपण मी असे माझ्यातून वाहून जाताना पाहिले.

१९४४च्या फाल्गुनात अंगणाची भिंत बांधायला काढली. दगडांनी भरलेली गाडी मागच्या दाराने आत आली आणि तिचे चाक नेमके माझ्यावरून गेले. कट् असा आवाज झाला. बाहेर तो कोणालाच ऐकू आला नाही. माझ्या कुशीला वीतभर लांब चीर पडली आणि एक ढलपी सुटली.

त्या दिवसापासून माझ्यात आलेले पाणी पुढे जाईना. ते चिरेतून खाली उतरू लागले. थोड्याच दिवसांत त्याने माती खाल्ली आणि विहिरीच्या दगडी बांधकामापर्यंत वाट पाडली. उन्हाळा चढला, विहीर तळाला गेली, आणि मोरीचे पाणी तिच्यात उतरत राहिले. मला सगळे कळत होते. मी हलू शकत नव्हतो, थांबवू शकत नव्हतो. मोरीतून पाणी मात्र झटकन जात होते. त्यामुळे घरातले सगळे म्हणत, मोरी कशी छान चालली आहे.

गंगूताई तसे म्हणत नव्हत्या. चैत्र संपता संपता केळी पिवळी पडली. त्यांनी मोरीतूनच भावाला सांगितले, "विश्वंभर, केळीला पाणी पोचत नाही."

"ऊन किती आहे, ताई. सुकणारच."

चार दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या, "मोरीतून पाणी जातं, केळीला पोचत नाही. मग जातं कुठं?"

"तुला मोरीशिवाय दुसरं काही सुचत नाही का?" एवढे बोलून ते कचेरीत गेले. त्या दिवशी गंगूताई भांडी घासताना एक शब्दही बोलल्या नाहीत. ती शांतता मला सोसली नाही.

मग विजयाच्या आईचे पोट बिघडले. त्या सावरतात न सावरतात तोच विजयाला ताप भरला. सात वर्षांचे लेकरू. दवाखान्याच्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला. एकवीस दिवस. तिची अंथरुणे मोरीत धुतली जात, ते पाणी माझ्यात येई, माझ्यातून विहिरीत जाई, आणि त्याच विहिरीची घागर पुन्हा तिच्या उशाशी ठेवली जाई. मित्रांनो, मी मातीचा आहे, पण त्या दिवसांत आपण आव्यातच फुटलो असतो तर बरे झाले असते, असे मला वाटे.

ताप बाराव्या दिवशीही उतरेना. त्या दुपारी गंगूताई घराबाहेर पडल्या. देवळाखेरीज कुठेही न जाणारी ती बाई भर उन्हात विचारत विचारत मारुतीच्या देवळामागे गेली, जिथे संतरामचे काम चालू होते. हे मला कळले ते त्यांच्या बोलण्यावरून, कारण तासाभरात संतराम मोरीपाशी होता.

"एवढ्या उन्हात काहून आल्या, ताई? निरोप धाडायचा."

"निरोप कुणाकडून धाडू? कुणाला पटतच नाही."

संतरामने घागरभर पाणी मोरीत सोडले आणि केळीकडे गेला. परत येऊन म्हणाला, "एक थेंब न्हाई तिकडं. मधीच फुटला."

"विहिरीत जात असेल का रे?"

तो विहिरीत वाकून बघून आला. मग म्हणाला, "मी व्हय म्हणलं तर तुमच्याइतकंच लोक माझं ऐकतील. डोळ्यांनी दिसलं पाहिजे. घरात नीळ हाय का, धोतराला घालायची?"

गंगूताईंनी निळीच्या सगळ्या पुड्या घागरीत कालवल्या आणि मोरीत ओतल्या. मागून आणखी सहा घागरी. ते निळे पाणी माझ्यात शिरले. इतके दिवस मी प्रत्येक थेंब धरून ठेवायची धडपड करत होतो. त्या दुपारी पहिल्यांदाच वाटले, गळू दे, सगळे गळू दे.

पुढचे मला मागाहून गंगूताईंच्या बोलण्यातून कळले. दिवस कलला तेव्हा त्यांनी विहिरीतून पोहरा काढला. साधे पाणी. दुसरा पोहराही साधा. तिसरा पोहरा कल्हईच्या पातेल्यात ओतला, आणि गंगूताई खाली बसल्या. पाणी निळसर होते.

विश्वंभरराव कचेरीतून आले. त्यांनी टोपी काढायच्या आधी गंगूताईंनी ते पातेले त्यांच्यासमोर ठेवले.

"हे काय?"

"आपल्या विहिरीचं पाणी. नीळ मी मोरीत घातली होती."

विश्वंभरराव पातेल्याकडे बघत राहिले. आतल्या खोलीत विजया कण्हत होती. त्यांनी विचारले, "किती दिवस सांगत होतीस तू मला?"

"महिना झाला."

विश्वंभररावांनी टोपी खुंटीला लावली, दोन रिकाम्या घागरी उचलल्या आणि वेशीजवळच्या विहिरीकडे गेले. त्या माणसाने जन्मात कधी पाणी भरले नव्हते. विजयाचा ताप उतरेपर्यंत, आणि त्यानंतरही पंधरा दिवस, घरातले पाणी त्यांनीच भरले. पाणी उकळून देण्याचे काम गंगूताईंकडे होते. चोविसाव्या दिवशी विजयाने भाताची पेज मागितली.

निळे पाणी दिसले त्याच्या दुसऱ्या दिवशीच चर खणायला घेतला होता. ओटा फोडायला विश्वंभररावांनीच सांगितले. नवे नळ विहिरीपासून लांबून, वळसा घालून गेले. विहीर उपसून तिच्यात दवाखान्यातले जंतू मारायचे लाल औषध टाकले. मला संतरामने दोन्ही हातांनी बाहेर काढले. ऊन इतके लख्ख होते की मला काही कळेना. मग मला एक लहानखुरी बाई दिसली, डोक्यावरून पदर घेतलेली, बोटे राखेने उललेली. ती बोलली तेव्हा मी ओळखले. नऊ वर्षे ज्या आवाजाच्या सोबतीने मी राहिलो, त्याला चेहरा होता.

"हाच का तो?" गंगूताईंनी विचारले.

"हाच. गाडीखाली दबला. आमच्या कामात खोट नव्हती, ताई."

"त्याची तरी काय चूक," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या चिरेवरून बोट फिरवले आणि मला भिंतीशी ठेवायला सांगितले. त्या क्षणी मला बोलता आले असते तर मी त्यांची क्षमा मागितली असती.

त्यानंतर गंगूताईंचे दिवस पालटले. आधी शेजारीण आली. "गंगूताई, आमच्या मोरीचं जरा बघता का? लेकराचं पोट सारखं बिघडतंय." मग गल्लीतल्या आणखी तिघी आल्या. गंगूताई निळीची पुडी पदराला बांधून जाऊ लागल्या. कुठे तुंबले असेल, कुठे मुरत असेल, ते बघत आणि संतरामला बोलावत. दोन विहिरी त्यांनी अशा वाचवल्या. भांडी घासायला एक बाई ठेवली गेली. ती मुकाट्याने भांडी घासत असे. मी आता जमिनीवर होतो, उजेडात होतो, पण माझ्या कानावर पडणारा तो एकुलता आवाज घरात फारसा राहिला नाही. तो लोकांच्या घरी बोलत होता. मला आनंद झाला का? झाला. पण दुपार मोठी होती.

१९४८ साल उजाडले ते धास्तीचे. गावोगावी रझाकारांची दहशत होती. पुष्कळ घरे रिकामी झाली. विश्वंभरराव सगळ्यांना घेऊन संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे वाशीमला गेले. चार महिने घराला कुलूप होते. नवे नळ कोरडे पडले, विहिरीवर रहाट वाजला नाही. अंगणात गुडघाभर गवत वाढले. मी आणि एक सरडा, एवढेच उरलो.

निजामाचे राज्य गेले आणि दिवाळीच्या आधी कुलूप उघडले. विश्वंभरराव आले, त्यांच्या पत्नी आल्या. मी पावले ऐकत होतो. दोनच माणसांची होती.

संतराम भेटायला आला तेव्हा त्याने विचारले, "ताई न्हाई आल्या?"

"नाही येणार म्हणाली," विश्वंभरराव सांगू लागले. "विजयाला तिकडच्या शाळेत घातलंय. मुलींच्या वसतिगृहात पाण्याचं, स्वयंपाकाचं सगळं ताई बघते. पन्नास पोरी आहेत. तिला तिथं सगळ्या विचारून विचारून काम करतात."

"बराबर जागी गेल्या," संतराम म्हणाला.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमच्या घरात मोरी असेल. तिच्यात राख आणि खरकटे टाकू नका. तुंबली तर पहार खुपसू नका, जाणत्या माणसाला बोलवा. नळ विहिरीजवळून नेऊ नका. आणि ओतलेले पाणी कुठे जाते, ते अधूनमधून जाऊन बघा.

आणखी एक मागणे आहे. तुमच्या घरातही कोणीतरी कोपऱ्यात बसून हळू आवाजात काही सांगत असेल. ते एकदा ऐका. गंगूताई महिनाभर सांगत होत्या. त्या महिन्यात त्यांचे ऐकणारा या घरात मी एकटा होतो, आणि मला दोन तोंडे असून बोलता येत नव्हते.