पावण्याचं गाव कुठलं?

मी एक जुना प्रिंटर आहे. कसबा बावड्यात उसाच्या रानाला लागून नवी घरं झाली आहेत, त्यांतल्या एका घरात खिडकीजवळच्या टेबलावर मी बसून असतो. माझा रंग एके काळी पांढरा होता, आता चहासारखा झाला आहे. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या मोठमोठ्यानं गाणी लावून समोरून जातात आणि त्यांची धूळ माझ्या पोटात जाऊन बसते. मग माझ्यात कागद अडकतो. मित्रांनो, या खोडीपायी मी फार बोलणी खाल्ली आहेत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा मी राजारामपुरीतल्या एका दुकानात होतो. तिथून एक तरुण मला स्कूटरवर बांधून या घरी घेऊन आला. दारात खुर्ची टाकून बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आधी त्याला विचारलं, "पावणं, गाव कुठलं?" तो म्हणाला, आजरा. मग आजऱ्यात कुणाचा, घर कुठं, काजूच्या कारखान्यातले अमुक तुमचे कोण, असं करत करत ओळख निघाली, त्याला चहा मिळाला आणि मी तासभर ओसरीवर खोक्यातच राहिलो.

हे गृहस्थ म्हणजे जिनेंद्र अप्पा, या घराचे मालक. शाळेत कारकून होते, आता निवृत्त आहेत. घरी गॅसवाला येवो, कुरियरवाला येवो, मत मागायला उमेदवार येवो, गाव विचारल्याशिवाय अप्पा कुणाला उंबरा ओलांडू देत नाहीत. कोल्हापुरात नुसतं पाटील म्हटलं तर काय कळणार? कुठले पाटील, ते विचारावंच लागतं. अप्पांच्या पत्नी सीताबाई यावरून त्यांना चिडवतात. म्हणतात, यमाला पण हे आधी गाव विचारतील आणि मग चहा पाजतील.

माझे सुरुवातीचे दिवस फार मानाचे होते. अप्पांचा मुलगा जिनेश कॉलेजात होता, त्याचे प्रकल्प मी छापले. पुढे त्याच्या लग्नाच्या पत्रिकेचा पहिला नमुना माझ्याच पोटातून निघाला. सून रोहिणी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या वर्गातल्या मुलांसाठी मी किती ससे, किती आंबे छापले असतील. "ह्यो प्रिंटर लई गुणाचा," असं ती म्हणायची तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले. कागद लागेनासा झाला. माझ्यावर एक जुना टॉवेल पडला आणि टॉवेलवर इस्त्रीचे कपडे. मी कुणाला दोष देत नाही, पण वाईट वाटलंच.

यंदा थंडीत जिनेशला जर्मनीतल्या नोकरीचं बोलावणं आलं. व्हिसाचं काम चालू झालं आणि घर त्याच एका गोष्टीभोवती फिरू लागलं. पुढच्या वर्षी रोहिणीनंही जायचं ठरत होतं. जिनेश कागदपत्रांसाठी मुंबईला गेलेला असताना, एका दुपारी अप्पा खोलीत आले, त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्यावरचा टॉवेल काढला.

त्यांनी आधार कार्ड माझ्या काचेवर ठेवलं. मी त्याची प्रत काढून संगणकात पाठवली. मग त्यांनी पेन्शनचं पासबुक ठेवलं. मी तेही पाठवलं. आम्हा यंत्रांना विचारायची सोय नसते, मित्रांनो. सांगितलं ते करायचं. पण पासबुकाचं पान उलटं ठेवून, परत सुलटं करताना अप्पा कानोसा घेत होते, स्वयंपाकघरातून कुणी येतंय का. स्वतःच्या घरात ते चोरासारखे वागत होते. मला तेव्हापासून भीती वाटायला लागली.

मग त्यांनी एक ईमेल छापायला दिला. सरकारी कागद फाईलला लागलाच पाहिजे, ही त्यांची नोकरीतली सवय. त्याची ओळ न् ओळ माझ्याकडे आली तेव्हा मला सगळं कळलं. वर ठळक अक्षरांत 'केंद्रीय पारपत्र व करतपास विभाग'. त्याखाली सिंहांची मुद्रा. आपल्या आधार क्रमांकावरून एक बेकायदा पार्सल परदेशी गेलं आहे. आज सायंकाळी सहाच्या आत आधार आणि पासबुक पाठवा, मग फोनवर येणारा ओटीपी कळवा. नाहीतर आपल्याला अटक होईल आणि कुटुंबातील व्यक्तींचे परदेशप्रवास रोखले जातील. बाब गोपनीय आहे. घरात कोणालाही सांगू नये.

घरात कोणालाही सांगू नये, या ओळीपाशी मी अडकलो. खोटं कशाला सांगू, मी काही ठरवून अडकलो नाही. धुळीनं रूळ फिरेना, कागद चुरगळून पोटात बसला आणि माझा लाल दिवा लुकलुकू लागला. अप्पांनी मला थापटलं, हलवलं, शेवटी हातसुद्धा जोडले. अडला हरी! पण कागद निघेना. मग त्यांनी माझा नाद सोडला आणि त्या प्रती ईमेलला जोडायच्या मागे लागले. ते त्यांना नीट जमत नव्हतं. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर चढलं. जिनेशचा व्हिसा, जिनेशचा व्हिसा, असं ते पुटपुटत होते. त्या प्रती माझ्यातूनच गेल्या होत्या, आणि त्या परत घेणं माझ्या हातात नव्हतं.

तेवढ्यात सीताबाईंनी दार वाजवलं. हे घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवण, हा इथला नेम. ताप असो, पाहुणे असोत, अप्पांनी तो कधी मोडला नव्हता.

"दिवस मावळाय लागलाय. ताट वाढलंय," सीताबाई म्हणाल्या.

"मला भूक न्हाय. तुमी जेवा," आतून अप्पा म्हणाले.

मग दार ढकलून रोहिणी आत आली. तिला माझा लाल दिवा दिसला. सवयीनं तिनं माझं झाकण उघडलं आणि कागद हळूहळू, न फाडता ओढायला लागली.

"ते वाचू नगंस. तुज्या नवऱ्याच्या जिवावर येईल," अप्पा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

रोहिणीनं कागद टेबलावर सरळ केला आणि वाचला. ती घाबरली, तिचा चेहरा मला समोर दिसत होता. तिच्याही संसाराचा प्रश्न होता. पण तिनं तो पुन्हा वरून वाचला. संगणकाच्या पडद्यावर विभागाचं नुसतं नाव दिसत होतं. मी मात्र सवयीप्रमाणे नावापुढचा बारीक अक्षरांतला पूर्ण पत्ताही छापला होता. त्या पत्त्यात मध्ये कुठंतरी 'जीओव्ही' होतं, पण शेवट होता डॉट कॉम.

"अप्पा," ती म्हणाली, "दारात कोन बी आलं तर तुमी गाव इचारता. ह्या पावण्याला इचारलासा व्हय?"

अप्पांना कळेना.

"ह्यो म्हंतोय, मी सरकार. पत्त्याच्या शेवटाला बघा की, तितंच गाव असतंय. सरकारी असता तर शेवटाला जीओव्ही डॉट इन, न्हायतर एनआयसी डॉट इन असतं. आनि खरं सरकार घरच्यांस्नी सांगू नका म्हनंल का?"

अप्पांनी चष्मा पुसून पत्ता वाचला. परत वाचला. मग ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. रोहिणीनं जोडलेल्या प्रती काढून टाकल्या. ईमेल गेलाच नव्हता. तिनं १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली आणि जिनेशलाही कळवलं. व्हिसाला काहीही झालेलं नव्हतं.

पण तोवर दिवस मावळला होता. ताटावर झाकण घातलं गेलं. अप्पा उपाशी झोपले. सीताबाई आणि रोहिणीही जेवल्या नाहीत. त्या चोराच्या हाती काही लागलं नाही, तरी आमच्या घरातलं एक जेवण त्यानं नेलं. मला ते अजून बोचतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता वीजबिलाचा ईमेल आला तरी अप्पा फोन डोळ्यांशी धरून मोठ्यानं विचारतात, पावणं, गाव कुठलं? सीताबाई हसतात. रोहिणीनं माझी धूळ पुसली आहे, पण कागद अजून अधूनमधून अडकतोच, आणि हल्ली त्यावरून मला कुणी थापटत नाही.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. कधीतरी मी भंगारात जाईन. तुम्ही मला विसरलात तरी चालेल. पण घाई करणारा आणि घरच्यांपासून लपवायला लावणारा कागद तुमच्याकडे आला, तर माझी ही एक खोड घ्या. जरा अडून बसा. तेवढ्यात कुणीतरी जेवायला हाक मारील, तेव्हा दार उघडा.