चोख वॉरंट

कोर्टात तीस वर्षं वॉरंटं टाइप केलेल्या कारकुनाच्या दारात निवृत्तीनंतर त्याचंच वॉरंट आलं. साक्षीच्या तारखेला त्याने तीनदा दांडी मारली होती. कागदावर घर नंबर मात्र चुकला होता.

“हे घर ते नव्हे,” असं हवालदाराला सांगून बायकोने नवऱ्याला कोपर मारलं. हवालदार वळलाही होता, पण कारकुनाचं डोकं फिरलं.

“असला गचाळ कागद कोर्टातून बाहेर पडतोच कसा?” त्याने लाल पेनाने नंबर सुधारला. “नवा टाइप करून, सही-शिक्क्यानिशी आणा.”

दुसऱ्या दिवशी नवं वॉरंट आलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि समाधानाने चपला घातल्या.

बायको म्हणाली, “घरचं एक काम कधी धड केलं नाहीत. अटक तेवढी चोख करून घेतलीत.”