झालं म्हणायची घाई

"पुन्हा थाप मारली हिने," म्हणत तिने चाचणी थांबवली.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर न करताच विचारलं, "कोणी? डिस्कने की आईने?"

"आत्ता डिस्कने. आईला जेवणाच्या सुट्टीत फोन करायचाय."

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला डोकं उठवणारं होतं. कॉम्प्युटरच्या डिस्कला हुकूम सोडायचा आणि तो नुसता समजून घेण्यात, कामाला हात घालण्याआधी, तिचा किती वेळ जातो ते मोजायचं. पण ही नवी डिस्क महाबिलंदर होती. लिहून ठेव म्हटलं की मजकूर तात्पुरत्या स्मृतीत कोंबायची आणि आतल्या तबकडीवर एक अक्षर उमटलेलं नसताना 'झालं' कळवून मोकळी व्हायची. आकडा सुरेख यायचा, साहेब खूश व्हायचे आणि चाचणी घेणारीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. उशिरा उत्तर देणाऱ्यांशी तिचं भांडण नव्हतं. विचारायच्या आत उत्तर देणाऱ्यांनी तिला वात आणला होता.

"मग आता?" सहकाऱ्याने विचारलं.

"तबकडीवरून वाचून दाखव म्हणणार. तिथे बरोबर सापडते."

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, तेही हट्टाने. जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला.

"आई, गोळी..."

"घेतली."

"अगं, पुरतं विचारू तरी दे. गॅस..."

"बंद केला. तू जेवलीस का?"

रोजचंच होतं हे. पण डॉक्टरांनी नुकतीच रक्तदाबाची गोळी बदलली होती आणि चुकून जुनी घेतली गेली तर आई चक्कर येऊन पडायची. घरात उचलायला कोणी नाही. तिचा पारा चढला.

"आई, ते पाकीट हातात घे आणि वरचं नाव मला वाचून दाखव."

पाकिटाची चुरचुर ऐकू आली. मग पुन्हा चुरचुर.

"वाच ना. एवढं काय अवघड आहे त्यात?"

"वाचतेय. घाई कसली करतेस?"

खुर्ची सरकली. पडदा ओढल्याचा आवाज आला. आई उजेडात गेली असणार. ही बाई जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आली होती. लेकीच्या साध्या चिठ्ठीतलासुद्धा ऱ्हस्वदीर्घ सोडायची नाही.

"पहिलं अक्षर मोठं आहे," अखेर आई म्हणाली. "पुढची नीट उठलेली नाहीत. हल्ली छपाईच वाईट करतात."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस ही बाई अंदाजाने गोळ्या घेत होती, आणि आपण नुसतं खेकसत होतो.

"हो गं, वाईटच करतात," ती म्हणाली. "मी आत्ता निघतेय. येईपर्यंत त्या पाकिटाला हात लावू नकोस. ऐकलंस?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. तिने घाई केली नाही.

"बरं," आई म्हणाली.

कितीतरी दिवसांनी आईचं उत्तर तिला खरं वाटलं.