मी खोडलेली घरं

मी एक खोडरबर बोलतोय. जरा घाईनंच बोलतोय, रागावू नका. आता मी उरलोय हरभऱ्याच्या दाण्याएवढा. कधी घरंगळून कपाटाखाली जाईन आणि कधी केरात जाईन, काही नेम नाही. मनातलं बोलून मोकळं झालेलं बरं.

जन्माचं फारसं आठवत नाही. कारखान्यातला तो उग्र वास, मग एक लांबलचक पांढरी पट्टी आणि सुरीचा खटका. एका क्षणात आम्ही भावंडं सुटी सुटी झालो. दुकानातून मी गेलो तो थेट एका ऑफिसात, घरांचे नकाशे काढणाऱ्या माणसाच्या टेबलावर.

माणूस भला, पण स्वस्थ बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. एक पाय सतत हलता. रेघ मारायची, वाकून बघायची, पुन्हा पट्टी लावून बघायची. दुपारी साहेब येऊन त्याच्या पाठीमागे उभे राहत. बोलत काहीच नसत. लाल पेन्सिलीनं दोन फुल्या मारत आणि चालू लागत. मग माझी पाळी. सकाळपासून काढलेल्या भिंती, जिने, खिडक्या मी खसाखसा पुसून टाकायचो. तो मला इतका घट्ट दाबून धरायचा की माझं अंग तापायचं.

एका संध्याकाळी चुकून त्याच्या शर्टाच्या खिशातून मी घरी आलो आणि तिथलाच झालो.

घरात माणसं तीन. हे बाबा, दवाखान्यात नर्स असलेली आई आणि सात वर्षांची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत. जेवताना दहादा उठणारी ही पोर चित्र काढायला बसली की मात्र फरशीवर पोट टेकून तासभर हलायची नाही. बाबा ऑफिसातले रद्द झालेले नकाशे आणत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिची घरं उभी राहत, म्हणजे थोडी कललेलीच.

"अगं, खिडकी घरापेक्षा मोठी असते का कधी?" बाबांनी एकदा विचारलं.

"हे गावच्या आजीचं घर आहे. तिला खुर्चीतून उठता येत नाही ना, म्हणून बाहेरचं दिसायला मोठी केली."

"ते खरं, पण भिंत तरी सरळ हवी. थांब, दाखवतो."

आणि त्यांनी मला उचललं. खिडकी गेली, भिंत गेली. पट्टी लावून नवी भिंत आली. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं हो. लेकीचं चांगलं व्हावं, एवढंच. पण रोज तेच. झाड झालं, बैल झाला, स्वतः आईसुद्धा झाली. तिचे हात लांब होते म्हणून मी ते खोडले. पहिल्यांदा भिंगरी भांडायची. मग गप्प राहायला लागली. मग चित्र पूर्ण झालं की स्वतःच मला आणून बाबांच्या हातात ठेवायला लागली. मी तिच्या मुठीत असायचो, मला तिच्या हाताचा घाम कळायचा.

एक दिवस तिनं नुसता कोरा कागद आणला.

"बाबा, तुम्हीच काढा. म्हणजे खोडावं नाही लागणार."

बाबा खूश! त्यांनी सुंदर घर काढलं. ती "छान" म्हणाली आणि दाराबाहेर निघून गेली. मला त्या दिवशी काहीच काम नव्हतं, आणि तरी चैन म्हणून पडेना.

पुढं शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. सगळ्या वर्गानं 'माझं घर' काढलं होतं, हिचं पान कोरं. काय काढणार म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाबांना विचारून सांगते."

आईनं घरी येऊन आरडाओरडा केला नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "अहो, रविवारी भिंगरीबरोबर चित्र काढायला बसा."

"रोजच तर बसतो."

"ते तिच्या चित्रात बसणं झालं. तुम्ही तुमचं काढा. तिच्या शेजारी बसून."

"मला चित्र कुठं येतं? मला नकाशा येतो."

"मग तर फारच उत्तम," आई म्हणाली.

रविवार उजाडला. तिघं फरशीवर बसले. पट्टी आईनं आधीच लपवून ठेवली होती. बाबांनी घोडा काढायला घेतला. डोकं काढलं, मला उचललं, खोडलं. पाय काढले, खोडले. कागद काळवंडून पातळ झाला, माझा भुगा सगळीकडे पसरला. भिंगरीनं पेन्सिलीला हातही लावला नव्हता. ती टक लावून बाबांचा हात बघत होती.

"बाबा, ऑफिसात तुमचं कुणी खोडतं?"

हात थांबला. "खोडायला लावतात की. साहेब."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"मग तुम्हाला रडू येतं?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून रंगवतच राहिली.

"रडू नाही येत," बाबा हळूच म्हणाले. "पोटात कसंतरी होतं."

"मला पण पोटातच होतं," भिंगरी म्हणाली. आपल्यासारखंच दुखणं असलेलं कुणीतरी भेटावं, तशी.

बाबांनी मला खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "चुकलं गं माझं." आणि त्यांनी आईचं शाईचं पेन मागून घेतलं. त्याच्यापुढं माझी मात्रा चालत नाही! एका दमात घोडा काढला. अगदी शेपूट फुटलेलं टेबल.

भिंगरी हसून हसून लोळली. "बाबा, हे तर टेबल आहे!"

"असू दे. बसायलाही होईल आणि जेवायलाही."

मग तिनं कागद ओढला. घर निघालं, पुन्हा कललेलं. बाबांची बोटं माझ्याकडे सरकू लागली आणि माझा जीव टांगणीला लागला. पण त्यांनी आपला उजवा हात मांडीखाली दाबला आणि त्यावरच बसून राहिले. पाय हलत होता, हात मात्र दाबलेलाच.

तेव्हापासून दर रविवारी तिघांचे तीन कागद असतात. आई दवाखान्यातले पेशंट काढते, सगळे जीभ बाहेर काढलेले. भिंगरी मला अजून वापरते, पण स्वतःच्या हातानं. काय ठेवायचं नि काय घालवायचं, ते तीच ठरवते. बाबांची खोड मात्र पुरती गेलेली नाही. त्यांची सावली अंगावर पडली की अजून धस्स होतं.

आईबाबांनो, जाता जाता एवढंच मागतो. पोरांच्या कागदावर वाकू नका, शेजारी आपला कागद पसरा. वाईट येईल? येऊ द्या. बिघडलेलं चित्र घेऊन हसणारा मोठा माणूस मुलांना फार कमी बघायला मिळतो.

आज रविवार आहे. बाबांचा हात पुन्हा माझ्या दिशेनं आला, क्षणभर घुटमळला आणि शेजारची पेन्सिल घेऊन गेला.

"भिंगरे, मांजराला मिशा किती काढू गं?"

"तुम्हाला हव्या तेवढ्या," ती मान वर न करता म्हणाली.