उजवा खूर

गोबेरचं नाक म्हणजे नाक होतं बाई! बारशिंग्याची लेंडी हुंगून सांगायचा, स्वारी काल काय चरली, कुठल्या ओढ्यावर प्यायली आणि बायकोशी भांडली की नाही. खोटं वाटतं? राहिलं.

आर्देनच्या जंगलात गढीसाठी माग काढायचं त्याचं काम. तरुण सरदार तिबोला शिकार त्यानंच शिकवली.

"धनी, वारा आपल्या तोंडावर घ्यायचा. नजरेला नजर द्यायची नाही. मीठ ठेवायचं नि निघून जायचं. तीन दिवस. चौथ्या दिवशी ते आपल्या पायानं येतं."

"मग?"

"मग वाटा बंद करायच्या."

पोरगं हुशार. नको तितकं.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा गोबेरच्या खिडकीत मधाची वडी आली. ठेवणाऱ्याचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी रेशमी फीत, तिसऱ्या दिवशी हस्तिदंती फणी. घरात सतरा वर्षांची, आईविना वाढलेली लेक, एर्मेलीन. चौथ्या दिवशी ती गुणगुणत गिरणीच्या वाटेला लागली.

गोबेरनं माग काढला. कुणाचा, तर पोटच्या पोरीचा! चिखलात तिच्या खडावा, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला बुटाचे ठसे, पावलापावलानं जवळ येणारे. हे चालणं त्यानंच शिकवलेलं.

"पोरी, तो लग्न करायचा नाही तुझ्याशी."

"तुम्हाला काय कळतंय, बाबा? जन्मभर लेंड्या तर हुंगल्यात!" मग लाजून म्हणते, "उद्या शिकारीनंतर गिरणीवर बोलावलंय. बारशिंग्याचा उजवा खूर मलाच देणारेत."

मानाचा खूर बाईला देतात तो गढीच्या अंगणात, चारचौघांदेखत. गिरणीवर कोण देतं? गिरणीवाल्याला तिबोनं बाजाराला धाडलं होतं. गोबेरला हुकूम होता, शिकारीनंतर रात्रभर कुत्र्यांपाशी राहायचं. वाटा बंद झाल्या होत्या.

सकाळी रिवाजाप्रमाणे त्यानं फुंकायच्या शिंगात भरून आणलेल्या लेंड्या धन्यापुढे ओतल्या. न्याहारीच्या टेबलावर, हो, पावाशेजारीच! त्या बघूनच धनी जनावर निवडतो. लेंड्या होत्या मस्तीत आलेल्या, अंगावर धावणाऱ्या नराच्या.

"म्हातारा आहे, धनी. दमलेला," गोबेर म्हणाला. जन्मातलं पहिलं खोटं.

तिबोनं नीट बघितलंसुद्धा नाही. त्याचं ध्यान संध्याकाळकडे.

दुपारी कुत्र्यांनी बारशिंगा ओढ्यात कोंडला. मान बैलासारखी फुगलेली, डोळे लाल. अशा वेळी एकानं समोर राहून जनावराची नजर धरायची आणि दुसऱ्यानं मागून जाऊन पायाची शीर तोडायची. समोरचा ढळला की मागचा मेला. समोर गोबेर होता.

"धरलीस ना रे नजर?"

"धरलीय, धनी. या."

तिबो पाण्यात उतरला, मागच्या पायांपाशी पोचला, त्यानं तलवार उचलली. आणि गोबेरनं डोळे मिटून घेतले.

बारशिंगा गर्रकन फिरला. शिंग बरगडीतून आरपार गेलं. ती किंकाळी ऐकून तीन गावांतलं दूध नासलं म्हणतात. बाकीच्यांनी जनावर पाडलं तोवर ओढा लाल झाला होता.

संध्याकाळी गोबेर घरी आला. हातात उजवा खूर.

एर्मेलीन केसांत फणी खोचून उभी होती. "ते कुठायत?"

"बारशिंग्यानं मारलं."

ती रडली नाही. माग काढणाऱ्याची लेक ती. बापाकडे तिनं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. अंगावर ओरखडा नाही.

"समोर कोण होतं, बाबा?"

एवढ्या मोठ्या जनावराची नजर धरणारा माणूस, पण लेकीकडे बघेना. खूर त्यानं उंबऱ्यावर ठेवला. तिनं फणी काढली आणि खुराशेजारी ठेवली. मग दार आतून लावून घेतलं.