तिसऱ्या ठिकाणचा नमुना

पांढऱ्या ट्रेमध्ये नुसत्या तांबड्या अळ्या वळवळत होत्या. आश्रुबानं चिमट्यानं सगळा गाळ दोनदा चाळला.

"एकबी तीनशेपट्या न्हाई, मॅडम. मेली नदी हितं."

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या दीपमाला मॅडम काठावर उभ्या होत्या.

आश्रुबा केजजवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. अकरा वर्षांपूर्वी मॅडमनीच त्याला गुडघाभर पाण्यात उभं करून शिकवलं होतं. बाटलीतलं पाणी त्या दिवसापुरतं सांगतं; दगडाखालचे जीव महिनोन्‌महिने तिथंच राहतात, ते नदीचं खरं सांगतात. तीन शेपट्यांचे किडे असले की पाणी चांगलं. नुसत्या तांबड्या अळ्या उरल्या की नासलेलं. तेव्हापासून दर महिन्याला नदीवरच्या तीन ठरलेल्या ठिकाणांचे किडे तोच वेचायचा, तोच मोजायचा. अहवालाखाली त्याची सही असायची.

हे तिसरं ठिकाण कारखान्याच्या नाल्याखाली होतं. त्याच्याही खालच्या वस्तीवर आश्रुबाची धाकटी बहीण छबुबाई राहायची. वस्तीचा टँकर चालू ठेवायचा की नदीकाठच्या विहिरीचं पाणी द्यायचं, ते या अहवालावर ठरणार होतं.

"आश्रुबा," मॅडम हळूच म्हणाल्या, "तिसऱ्या बाटलीत पहिल्या ठिकाणचेच किडे भरा."

"कावून?"

"कारखान्याचे मालक आपल्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. मला अजून सहा वर्षं नोकरी करायचीय. तुम्हालाही."

"पर तुमीच तर शिकवलं, मॅडम."

"हो. आणि आता मीच सांगतेय."

आश्रुबानं ट्रे पाण्यात उपडा केला. मग वरच्या अंगाला, पहिल्या ठिकाणी गेला. दगड उलटून त्यानं एकतीस किडे वेचले, बाटलीवर 'ठिकाण तीन' अशी चिठ्ठी डकवली आणि सही केली.

पंधरा दिवसांत टँकर बंद झाला.

त्यानंतर तो बहिणीकडे फिरकलाच नाही. तिची नात संस्कृती जुलाबानं दवाखान्यात होती आणि आता घरी आणलीय, हे कळलं तेव्हा गेला. पोरगी ओसरीवर निपचित पडली होती. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या.

"छबू, त्या हिरीचं पानी पिऊ नका."

"कावून? सरपंचानं कागद वाचला की चावडीवर. तुजं नाव व्हतं त्यात. बाया भेत व्हत्या, तर मीच म्हनलं, माज्या दादानं बघितलंय, बिनघोर प्या."

आश्रुबानं मान खाली घातली.

"ते किडे वरचे व्हते, छबू. मीच भरले."

 छबुबाईनं पोरीच्या अंगावरची गोधडी सारखी केली आणि उठून आत गेली. रांजणातून त्याच विहिरीच्या पाण्याचा तांब्या भरून आणला. आल्यागेल्या पाहुण्यापुढं ठेवतात तसा त्याच्यापुढं ठेवला.

"उन्हाचा आलास. पी."

त्यानं तांब्या उचलला आणि तळापर्यंत प्यायला.

रिकामा तांब्या घेऊन ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.