फिरत्या मजल्यावरचा होकार

शहरातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यावर जाऊन सूर्यास्त बघायचा, ही कल्पना दादाची. दादाच्या कल्पनांचा एक नियम होता: त्या सुचायच्या त्याला आणि निस्तरायच्या इतरांनी.

या वेळी निस्तरायची पाळी धाकटीची होती. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती, मोठ्या दुर्बिणींची भिंगं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. सोमवारी सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं, आज शनिवार होता, आणि बाबांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. बाबांचं चष्म्याचं दुकान. शिक्षण संपल्यापासून धाकटी तिथेच लोकांचे नंबर काढत होती, आणि गेला महिनाभर बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला, ते नुसता स्क्रू घट्ट करून घ्यायला आलेलं असलं तरी, ऐकवत होते, "आता सगळं हीच बघणार. मी फक्त गल्ल्यावर बसणार." गल्ल्यावर बसायची त्यांना इतकी घाई की त्यासाठी नवी खुर्चीसुद्धा घेऊन झाली होती.

"दुकानात सांगशील तर ते दुकानदारासारखं ऐकतील," दादाने तिला समजावलं होतं, "आणि घरी सांगशील तर बापासारखं. त्यांना उंचावर न्यायला हवं. उंचावर माणसाचं मन मोठं होतं."

"आणि रक्तदाब?"

"तू गप्प बस. बोलायचं काम माझं."

दादा स्वतः दुकान सोडून गेला तेव्हा त्याने बाबांना नुसता फोन केला होता, तोही गाडी सुटल्यावर. तेव्हापासून घरातल्या नाजूक विषयांचा तो तज्ज्ञ समजला जाई. निदान त्याच्याकडून.

तर चौघं वर गेली: बाबा, दादा, वहिनी आणि धाकटी. लिफ्टमध्ये एक ध्वनिमुद्रित बाई मनोऱ्याची उंची सांगून सर्वांचं अभिनंदन करत होती, जणू ती उंची प्रवाशांनीच वाढवली होती. वरच्या गच्चीवर माणसांची ही गर्दी, आणि सगळी सूर्याकडे पाठ करून उभी. सूर्य बिचारा प्रत्येकाच्या खांद्यामागून फोटोत डोकावायची धडपड करत होता. बाबांनी कठड्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला, लगेच काढला, खिशातलं फडकं काढून तिची काच पुसता पुसता जाहीर केलं, "बोटांचे ठसे दिसतात. छान स्पष्ट दिसतात."

"बाबा, आपण खाली कॅफेत बसू या," दादा म्हणाला. "मी टेबल राखून ठेवलंय. सूर्य बरोबर आपल्यासमोर बुडणार."

कॅफे गच्चीच्या एक मजला खाली आणि फिरता. म्हणजे मधलं स्वयंपाकघर जागच्या जागी, बाहेरच्या काचा आणि त्यांना लागून असलेला कट्टाही जागच्या जागी, आणि या दोहोंच्या मधली टेबलांची गोल पट्टी तेवढी सरकणारी, तासाला एक फेरा. इतकी सावकाश, की आपण हललो हे बाहेरची इमारत दिसेनाशी झाल्यावरच कळावं. दादाने फेऱ्याचा हिशेब करून दक्षिणेकडचं टेबल मागितलं होतं. सूर्य टेकेपर्यंत ते आपसूक पश्चिमेला पोचणार होतं. त्याने मजला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो असं धरलं होतं. मजल्याला हे कुणी कळवलं नव्हतं. तो उलटा फिरत होता, आणि टेबल ठरल्या वेगाने सूर्यापासून लांब, बसच्या डेपोकडे निघालं होतं.

"थांबा, येईल समोर," दादा म्हणाला.

"उद्या सकाळी येईल," धाकटी म्हणाली. "या बाजूला सूर्योदय होतो."

केक आला, कॉफी आली. आजूबाजूला बशा आणि चमचे किणकिणायला लागले. बाबांच्या कानाच्या मशीनला हा आवाज कधीच सोसला नाही. भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं ऐकू येतं म्हणायचे. म्हणून घरी जेवायला बसलं की ते मशीन काढून शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, आणि जेवण आटोपलं की हात लांब करून परत घालायचे. इथेही शेजारी खिडकी होती, खिडकीला कट्टा होता. सवयीने हात गेला. तेव्हा दादा दिशा तपासत होता, वहिनी केकचा फोटो काढत होती आणि धाकटी तळहात रुमालाला पुसत होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दादाने घसा साफ केला.

"बाबा," तो काचेबाहेर बघत म्हणाला, कारण महत्त्वाचं बोलताना माणसांकडे बघितलं की त्याची लय बिघडते, "आयुष्यात एक वेळ येते. पाखरू घरट्यात असतं, पण पंखांना आभाळ हवं असतं." पुढे त्याने त्या पाखराला नदी ओलांडायला लावली, एका झाडाची मुळं खोल नेली, मग फांद्या लांब केल्या. मधे कुठेतरी, गाडीतून एखादं छोटं स्टेशन निसटून जावं तशी, धाकटीची नोकरी येऊन गेली. नदी खरोखरच होती. तिचं मोठं वळण तेव्हा त्यांच्या खिडकीसमोरून सरकत होतं, पण दादाने पाखराच्या नादात तिचा उपयोग करून घेतला नाही.

बाबा मान हलवत होते. न ऐकता मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मान आधी थोडी खाली, मग किंचित बाजूला, आणि समोरच्याचा श्वास संपला की तीनपैकी एक शब्द: "हं," "बरोबर," किंवा "चालायचंच." एवढ्या भांडवलावर त्यांनी कित्येक लग्नं आणि मयती निभावल्या होत्या.

"म्हणजे तुमची हरकत नाही ना, बाबा? ती गेली तर?"

"छान आहे," बाबा म्हणाले.

धाकटीने रुमाल खाली ठेवला. इतकं सोपं? वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, तुमचं मन किती मोठं आहे हो!"

"हो, पण जरा गोड जास्त झालंय," बाबा म्हणाले आणि चमच्याने केकचा आणखी एक तुकडा तोडला.

धाकटीने त्यांच्या कानाकडे पाहिलं. कान रिकामा. कट्ट्याकडे पाहिलं. कट्टाही रिकामा. आणि मग तिला कळलं: कट्टा गेला नव्हता कुठेच, गेली होती ती चौघं. मशीन दक्षिणेलाच राहिलं होतं.

ती दादाकडे झुकली. "दादा, बाबांच्या कानात मशीन नाहीये."

दादाने कॉफी ढवळली. "हो म्हणाले ना? मग झालं तर."

"ऐकलंच नाही त्यांनी."

"हे बघ धाकटे, होकार तो होकार. आम्ही दोघं साक्षीदार. पुढे काही बोलले तर सांगायचं, तुम्हीच तर म्हणालात. केक खात होतात."

"अहो, पण असं..." वहिनी पुटपुटली.

"तू केक खा."

होकार टेबलावर तयार होता. उचलायचा आणि सोमवारी कळवून टाकायचं. बाबा वाद घालणार नाहीत, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं, आणि अडचण नेमकी तीच होती. गेल्या वर्षापासून बाबा किल्ल्या विसरत होते आणि विसरलो हे लपवत होते. दुकानाचं कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत जायचे आणि सांगायचे, "पाय मोकळे करून आलो." तुम्हीच हो म्हणालात, असं ऐकलं की ते भांडणार नाहीत. घाबरतील. आणि घाबरलो हे दिसू नये म्हणून म्हणतील, हो हो, आठवलं.

ती उठली.

"कुठे निघालीस?" दादाने विचारलं.

"बाबांचे कान आणायला."

मजला ज्या बाजूने आला होता, त्या बाजूने ती कट्ट्यावर नजर ठेवत चालू लागली. पहिल्या टेबलावरच्या जोडप्याचं भांडण झालेलं असावं. दोघं एकच आइस्क्रीम दोन टोकांकडून पोखरत होती. पुढच्या टेबलावरच्यांनी कट्ट्याकडे अजून पाहिलंच नव्हतं. त्यापुढच्या टेबलावर एक आजी ताठ बसल्या होत्या. त्यांनी कट्ट्यावर कप पालथा घालून वर हात ठेवला होता, आणि कपाखालून बारीक, सलग शिट्टी येत होती.

"जवळ येऊ नकोस," आजी म्हणाल्या. "किडा आहे. झाकला तर जास्तच ओरडतोय."

"आजी, ते आमच्या बाबांचं कानाचं मशीन आहे. झाकलं की ते आपलाच आवाज ऐकतं आणि त्याच्यावरच ओरडतं."

"माणसासारखंच आहे की," आजींनी कप उचलला. मागे उभा असलेला वेटर हसला. "रोजचंच आहे, मॅडम. काल एकांची कवळी फेऱ्याला गेली होती. ती बिचारी कुणीच उचलेना."

मशीन मुठीत धरून धाकटीने मान वर केली, तर उजवीकडच्या काचांत सूर्य टेकत होता. खालून दबलेला, रुंद, कुणी अंगठ्याने चेपल्यासारखा. हवेच्या जाड थरातून किरण वाकतात म्हणून असं दिसतं, हे तिला माहीत होतं, तरी ती तो पुरता बुडेपर्यंत उभी राहिली. तिच्या आसपास सगळे आपापल्या फोनमध्ये त्याचा शोध घेत होते.

ती परतली तेव्हा बाबा कट्टा चाचपडत होते आणि दादा त्यांना मदत करत असल्याचा देखावा करत होता. बाबांनी मशीन कानात बसवलं.

"निघू या का, बाबा?" दादा घाईने म्हणाला. "खाली लिफ्टला गर्दी होईल."

"बाबा," धाकटी म्हणाली, "दादा मघाशी जे बोलला ते तुम्हाला ऐकू आलं नाही."

"त्याचं बोलणं मला मशीन लावूनही कळत नाही. पाखरू होतं काहीतरी?"

"पाखरू नाही, मी. मला दुसरीकडे नोकरी लागलीय. भिंगांच्या प्रयोगशाळेत. पुढच्या महिन्यात जायचंय."

बाबांनी चमचा बशीत ठेवला. आवाज झाला, पण त्यांनी कानाला हात लावला नाही.

"आणि दुकान?"

"माणूस ठेवावा लागेल. मी शिकवून जाईन त्याला."

"नाही," बाबा म्हणाले. इतक्या जोरात, की मागच्या टेबलावरचं आइस्क्रीम पोखरणं थांबलं.

"बाबा, मी विचारत नाहीये. सांगतेय."

"मग मघाशी काय चाललं होतं?"

"मघाशी तुम्ही हो म्हणालात."

"कशाला?"

"यालाच. केक खाता खाता."

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा बसच्या डेपोचं सौंदर्य निरखत होता.

"आणि हा ते तसंच चालवणार होता?"

"मी म्हणत होते त्यांना..." वहिनी म्हणाली.

"तू काही म्हणत नव्हतीस, सूनबाई. तू रडत होतीस." बाबा धाकटीकडे वळले. "आणि तू का नाही चालवून घेतलंस? जायचंच होतं ना? आयतं मिळालं होतं."

धाकटीने टेबलावरचे केकचे कण बोटाने गोळा केले. "तुम्हाला वाटलं असतं, की हो म्हणालात आणि विसरलात."

बाबांनी बशी बाजूला सारली. हं नाही, बरोबर नाही, चालायचंच तर नाहीच. डेपोतून दिवे लावलेली एक बस बाहेर पडली, तिच्या मागे दुसरी.

"कुठल्या बाजूला आहे ते शहर?" त्यांनी अखेर विचारलं.

"नदीच्या वळणापलीकडे. मागे गेलं."

बाबांनी वेटरला हाक मारली. "हे जरा मागे घेता येईल का?"

"नाही काका, एकाच बाजूने फिरतं. थांबलात तर येईलच परत, पाऊण तासात."

"पाऊण तास कोण थांबतो," बाबा म्हणाले आणि खुर्च्यांच्या पाठी धरत मागे निघाले. दादा उठायला लागला, तसं वहिनीने त्याला कोपराने खाली बसवलं. धाकटी बाबांच्या मागोमाग गेली. आइस्क्रीमवाल्या जोडप्याने पाय आत घेतले.

नदीचं वळण काचेसमोर आलं तिथे बाबा थांबले. पाणी अजून जरासं उजळ होतं, त्यापलीकडे काळोख.

"काही दिसत नाही," ते म्हणाले.

"इतक्या लांबचं कसं दिसेल?"

"भिंग केवढं असतं?"

तिने दोन्ही हात पसरले. ते पुरेनात, म्हणून एक पाऊल बाजूला सरकून दाखवलं.

"एवढ्याला पुसायचं कशाने?" बाबांनी भुवया आक्रसल्या. मग आठवण झाल्यासारखे म्हणाले, "माझं उत्तर नाहीच आहे हं अजून."

"माहीत आहे."

पायाखालचा मजला त्यांना हळूहळू डेपोकडे नेत होता. वळण काचेच्या कडेला गेलं, तसे बाबा कुरकुरत एक पाऊल मागे सरले आणि ते पुन्हा समोर आणलं. थोड्या वेळाने आणखी एक. धाकटीही त्यांच्याबरोबर सरकत राहिली.